घर, मांडव आणि परवानगी

जमिनीची मालकी आणि त्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. लोकांच्या मनात मात्र त्या एकच असतात, आणि सातबाऱ्यावर नाव लागल्यावर आता घर बांधायला कोणाची आडकाठी, हा जो प्रश्न गावोगाव विचारला जातो त्याचे मूळ या सरमिसळीत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा राज्यातील या विषयाचा मूळ कायदा असून त्याने ‘विकास’ या संज्ञेची व्याख्या फार विस्तृत केली आहे. जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेले कोणतेही बांधकाम, खाणकाम वा अभियांत्रिकी काम, इमारतीत केलेला महत्त्वाचा फेरफार, जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला बदल, भूखंडाचे पाडलेले तुकडे, इतकेच नव्हे तर उभी इमारत पाडणे हेदेखील विकासातच मोडते आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे त्या भागापुरते नियोजनाचे अधिकार असलेल्या महापालिकेची, नगरपरिषदेची किंवा विकास प्राधिकरणाची, लेखी परवानगी लागते. एकही वीट न हलवता तळमजल्यावरच्या राहत्या खोलीत उपाहारगृह सुरू केले तरी तो कायद्याच्या दृष्टीने विकास ठरतो. उलट, रंगरंगोटी, गिलावा, फुटलेली कौले बदलणे, फरशी नव्याने बसवणे अशी देखभालीची कामे, तसेच शेतीच्या नेहमीच्या गरजेपोटी केलेले खोदकाम यांना या बंधनातून मोकळीक आहे.

अशा नियमनाची आवश्यकता प्रथम आरोग्याच्या प्रश्नातून पुढे आली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा दाटीच्या चाळींमध्ये उजेड व हवा यांचा अभाव हे साथ पसरण्याचे एक कारण मानले गेले, आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढून व नवे भाग वसवून शहराचा चेहरा बदलण्याचा प्रयत्न केला. पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, जो भारतातील अशा प्रकारचा पहिला कायदा होय. १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर आपल्या संपूर्ण हद्दीचा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकली आणि १९६६ च्या कायद्याने शहराबाहेरचा प्रदेशही नियोजनाच्या कक्षेत घेतला. त्यानंतर अनेक दशके प्रत्येक शहराची नियमावली वेगळी राहिली, त्यामुळे पुण्यात चालणारा जिना नाशकात नियमबाह्य ठरावा अशी अवस्था होती. ३ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने हा गोंधळ बराचसा संपवला. मुंबई महापालिकेचे क्षेत्र, औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती, गिरिस्थान नगरपरिषदा असे काही अपवाद वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला आता हीच नियमावली लागू आहे.

घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबाचा या व्यवस्थेशी पहिला संबंध येतो तो जमिनीच्या कागदांतून. सातबारा उतारा किंवा शहरी भागात मिळकत पत्रिका मालकी दाखवते, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा हद्द दाखवतो, आणि झोन दाखला त्या जमिनीचा वापर विकास आराखड्यात कोणता ठरवला आहे, तिच्यावरून रस्ता जातो का, तिच्यावर शाळेचे वा उद्यानाचे आरक्षण आहे का, हे सांगतो. हा तिसरा कागद सर्वांत कमी मागितला जातो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. जमीन शेतीची असेल तर ती अकृषिक करून घेणे हा पूर्वी स्वतंत्र व कंटाळवाणा प्रवास होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत नंतर घातलेल्या कलम ४२-ब, ४२-क आणि ४२-ड यांमुळे मंजूर आराखड्यातील रहिवासी विभागातील जमिनी, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनी यांच्याबाबत ठरलेला आकार व रूपांतरण कर भरल्यावर वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज राहिलेली नाही. मात्र अकृषिक होणे म्हणजे बांधकामाला मंजुरी मिळणे नव्हे. ‘एनए प्लॉट’ अशी पाटी वाचून व्यवहार करणारे अनेक जण या दोहोंतला फरक नकाशा नामंजूर झाल्यावरच शिकतात.

यानंतर परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद नकाशे तयार करतो, विकास शुल्क आणि बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीचा खर्चाच्या एक टक्का उपकर यांचा हिशेब होतो, आणि अर्ज बहुतेक ठिकाणी आता संगणक प्रणालीतून दाखल केला जातो. प्राधिकरणाने अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे कायदा गृहीत धरतो. हिला मानीव परवानगी म्हणतात. तिच्याबद्दल ऐकीव माहितीवर पुढे जाणे धोक्याचे आहे, कारण प्रस्ताव विकास आराखड्याशी व नियमावलीशी काटेकोरपणे जुळत असेल तरच ही मानीव परवानगी टिकते, अन्यथा ६१ व्या दिवशी सुरू केलेले काम सरळसरळ अनधिकृत ठरते. रीतसर मंजुरी मिळाल्यावर जे प्रारंभ प्रमाणपत्र हाती येते त्याची मुदत एक वर्ष असते, ती दरवर्षी वाढवून घेता येते, पण या मुदतवाढीलाही तीन वर्षांची मर्यादा आहे; या अवधीत काम निदान जोत्यापर्यंत पूर्ण झाले नाही तर नवा अर्ज करावा लागतो. जोते, म्हणजे पायाच्या वरचा व जमिनीलगतच्या पहिल्या मजल्याचा आधार असलेला भाग, हा या प्रक्रियेतील कळीचा टप्पा आहे, कारण जोते एकदा चुकीच्या जागी बसले की वरची सगळी इमारत चुकीच्या जागी जाते. म्हणून जोते तपासणीचे प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. सगळे काम झाल्यावर मिळते ते भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली असून ती राहण्यास योग्य आहे, असे प्राधिकरणाने दिलेले ते लेखी प्रमाण असते.

मंजुरीच्या वेळी नकाशात नेमके काय तपासले जाते, हे एका साध्या हिशेबातून समजू शकेल. महापालिका हद्दीतील २०० चौरस मीटरच्या भूखंडाला नियमावलीप्रमाणे १.१ हा मूळ चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो. चटईक्षेत्र निर्देशांक म्हणजे सर्व मजल्यांवरील मोजण्याजोग्या बांधकामाचे भूखंडाच्या क्षेत्राशी असलेले प्रमाण, ज्याला बोलण्यात एफएसआय म्हटले जाते. त्यानुसार येथे २२० चौरस मीटर बांधकाम मूळ हक्काने होते, आणि जिना, मार्गिका, सज्जा अशा पूरक भागांसाठी अधिमूल्य भरून त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १३२ चौरस मीटरपर्यंत जादा क्षेत्र घेता येते. समोरचा रस्ता पुरेसा रुंद असेल तर आणखी निर्देशांक विकत घेण्याची किंवा हस्तांतरणीय विकास हक्क वापरण्याची सोय आहे. अरुंद बोळात ती नाही. मात्र कागदावर मिळणारे सगळे क्षेत्र जागेवर बसेलच असे नाही, कारण चारही बाजूंनी सोडावयाची सामासिक अंतरे, वाहनतळाची जागा आणि उंचीची मर्यादा यांतून जे उरते तेवढेच बांधता येते. शेजाऱ्याच्या खिडकीत ऊन पोचावे, आगीच्या वेळी इमारतीभोवती फिरता यावे, हा सामासिक अंतरांचा हेतू आहे; पण तीच जागा पुढे पत्रे टाकून स्वयंपाकघराला जोडण्याची प्रवृत्ती इतकी सार्वत्रिक आहे की बहुतेक वसाहतींत ही अंतरे मंजूर नकाशातच शिल्लक राहतात.

खोल्यांचे किमान आकारही ठरलेले आहेत. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीचे क्षेत्र ९.५ चौरस मीटरपेक्षा, रुंदी २.४ मीटरपेक्षा आणि उंची २.७५ मीटरपेक्षा कमी नसावी असे सांगितले आहे. ही संहिता स्वतः कायदा नसून मार्गदर्शक मानक आहे, तिला बंधन येते ते स्थानिक नियमावलीने तिचा स्वीकार केल्यावर. मजबुतीबाबतची भारतीय मानकेही अशाच वाटेने लागू होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर कोसळल्यामुळे. भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने मध्यम होती, घरांची रचना मात्र घातक होती. त्या अनुभवानंतरही खेड्यांत कॉलमची सळई किती जाडीची आणि रिंगा किती अंतरावर हे बहुधा गवंडीच ठरवतो, आणि परवानगीच्या कागदांतील संरचना अभियंत्याची सही अनेकदा केवळ सहीच असते.

लहान घरांसाठी ही सगळी प्रक्रिया जड होते हे शासनाने उशिरा का होईना ओळखले. एकत्रिकृत नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर ठरावीक मर्यादेतील घर बांधताना छाननीची वाट न पाहता, परवानाधारक व्यक्तीच्या प्रमाणपत्रासह सूचना देऊन आणि शुल्क भरून काम सुरू करण्याची मुभा आहे, आणि ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना कमी जोखमीचे मानून परवानगी जलद देण्याची तरतूद आहे. ग्रामीण भागात २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सवलतीनुसार १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी मालकीचे कागद व परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेले नकाशे ग्रामपंचायतीला सादर करणे पुरते, तर ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामासाठी नगररचना कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. सवलत छाननीपासून आहे, नियमांपासून नाही. अंतरे आणि उंची पाळावीच लागते. गावाकडे आणखी एक समज पक्का आहे, तो म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद झाली की घर कायदेशीर झाले. ही नोंद कर आकारणीपुरती असते. गावठाणातही बांधकामास ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे पूर्वपरवानगी आवश्यक आहे.

शेतघराबाबतची फसगत तर जाहिरातींच्या जोरावर चालते. शेतजमिनीवर मालकाच्या राहण्यासाठी घर बांधता येते, पण त्यासाठी जमीन किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर किंवा ४० गुंठे असावी लागते. ‘निसर्गाच्या सान्निध्यात फार्महाऊस प्लॉट’ म्हणून विकले जाणारे तुकडे मात्र दहा-अकरा गुंठ्यांचे असतात, कारण तुकडेबंदी कायद्याखाली बागायत जमिनीच्या खरेदीखतासाठी तेवढे क्षेत्र पुरते. म्हणजे तुकडा विकत घेता येतो, त्यावर शेतघर मात्र बांधता येत नाही, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असते.

येथपर्यंतचा विषय पक्क्या घरांचा झाला. खरी गंमत तात्पुरत्या बांधकामांत आहे, कारण पाया खणला नाही, सिमेंट वापरले नाही, नटबोल्ट काढले की सगळे उचलता येते, मग परवानगी कशाला, हा युक्तिवाद शहरात आणि खेड्यात सारख्याच आत्मविश्वासाने केला जातो. नियमावलीतील इमारतीची व्याख्या या युक्तिवादाला थारा देत नाही. कोणत्याही हेतूने आणि कोणत्याही सामग्रीने उभारलेली रचना ही इमारत होय, असे ती व्याख्या सांगते. पत्रा, बांबू, लोखंडी सांगाडा किंवा जहाजावरचा जुना कंटेनर यांनी काही फरक पडत नाही. व्याख्येतून वगळले आहेत ते तंबू, शामियाने आणि ताडपत्रीचे निवारे, आणि तेही प्रासंगिक वा समारंभाच्या कारणासाठी व प्राधिकरणाच्या परवानगीने उभारलेले असतील तरच. थोडक्यात, लग्नाचा मांडव इमारत ठरत नाही तो परवानगी घेतल्यामुळे. रचना कशाची बनली आहे यापेक्षा ती कोणत्या कामासाठी, किती दिवसांसाठी आणि कोणाच्या जागेत उभी आहे, यावर तिचे तात्पुरतेपण अवलंबून असते.

नियमावलीने तात्पुरत्या बांधकामांना एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने आणि सगळे मिळून जास्तीत जास्त तीन वर्षे अशी मर्यादा घातली आहे. अशी परवानगी कशासाठी देता येते याची यादी वाचण्यासारखी आहे, कारण तीत आपल्या सार्वजनिक जीवनाचे बरेचसे चित्र आले आहे: पावसाळ्यापुरते गच्चीवरचे आच्छादन, जत्रा, समारंभ व धार्मिक कार्यक्रमांचे मांडव, प्रदर्शने व सर्कशी, बांधकामाच्या आवारातील साहित्याची कोठारे, कचेरी व पहारेकऱ्याची चौकी, कारखान्याच्या आवारात यंत्रे बसवण्यापूर्वी ठेवण्याची जागा, दुधाची केंद्रे, आणि नव्या इमारतीत पुनर्वसन व्हावयाचे आहे अशा लोकांसाठीचे संक्रमण निवारे. यांपैकी बांधकामाशी जोडलेल्या रचना मूळ इमारत पूर्ण होईपर्यंत राहू शकतात, पण त्यापुढे एक दिवसही नाही, असा नियमाचा रोख आहे. अशी परवानगी न घेता केलेल्या तात्पुरत्या बांधकामाबाबत १९६६ च्या कायद्याचे कलम ५५ लागू होते. लेखी आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत रचना काढावी लागते, आणि विशेष म्हणजे एखादे काम तात्पुरत्या स्वरूपाचे आहे की नाही, या प्रश्नावर नियोजन प्राधिकरणाचा निर्णय अंतिम असतो. ‘तात्पुरतेच आहे’ असे सांगून सुटका करून घेऊ पाहणारा माणूस अशा रीतीने स्वतःच अधिक जलद कारवाईच्या कलमाखाली येतो.

कागदावरची ही मुदत आणि प्रत्यक्षातली मुदत यांतील अंतर सर्वाधिक ठळकपणे दिसते ते मुंबईच्या संक्रमण शिबिरांत. शहर बेटावरील जुन्या, उपकरप्राप्त इमारती, म्हणजे ज्यांच्या भाडेकरूंकडून दुरुस्तीसाठी वेगळा उपकर घेतला जातो अशा इमारती, मोडकळीस आल्या की रहिवाशांना म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाने शिबिरात हलवावे, मूळ जागी नवी इमारत उभी राहावी आणि लोकांनी परत यावे, अशी ही योजना. प्रतीक्षानगर, धारावी आणि इतर ठिकाणच्या शिबिरांत गेलेल्या कितीतरी कुटुंबांची पुढची पिढी तिथेच जन्मली, तिथेच शाळेत गेली आणि तिथेच संसाराला लागली. मूळ भूखंड अरुंद निघाला, रस्त्याच्या आरक्षणात गेला किंवा विकासक काम सोडून गेला, अशी कारणे फायलीत साचत राहिली. शेवटी काही शिबिरांच्या इमारतीच इतक्या जीर्ण झाल्या की त्यांचा पुनर्विकास करण्याची वेळ आली. तात्पुरत्या निवाऱ्याचा नियम येथे नागरिकाने मोडलेला नाही, तो शासनाच्या यंत्रणेने मोडला आहे, आणि नागरिकांच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवताना ही बाब विसरली जाते.

त्या शेडची कथा मात्र निराळी. गच्ची गळते ही शहरी इमारतींची खरी अडचण आहे आणि म्हणूनच पावसाळी आच्छादनाची सोय नियमात ठेवली आहे. घडते असे की जूनमध्ये निळी ताडपत्री चढते, पुढच्या वर्षी तिच्या जागी लोखंडी खांब व रंगीत पत्रे येतात, नंतर कडेने जाळी, मग ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, आणि काही वर्षांनी तिथे भाडेकरू राहू लागतो. प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा इतकी थोडी वेगळी असते की परवानगी नेमकी कुठे घ्यायला हवी होती ते मालकालाही सांगता येत नाही. शिवाय वारा अशा छपराला जोराने वर उचलू पाहतो, आणि तो ताण जुन्या स्लॅबवर व चार बोल्टांवर येतो, याचा हिशेब सहसा कोणी केलेला नसतो. वाऱ्यापुढे लोखंडी सांगाड्याची काय गत होते हे १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला दिसले. तिथे १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी गेला. महापालिकेच्या धोरणातील कमाल आकार ४० बाय ४० फुटांचा होता.

उत्सवाच्या मांडवांबाबत तुलनेने अधिक शिस्त आली आहे आणि तिचे श्रेय बऱ्याच अंशी न्यायालयाला द्यावे लागते. ठाण्यातून दाखल झालेल्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने रहदारी व पादचारी यांना अडथळा करणाऱ्या मंडपांना परवानगी देऊ नये अशी भूमिका घेतली, आणि त्यानंतर महापालिका, वाहतूक पोलीस, स्थानिक पोलीस ठाणे व अग्निशमन दल यांची संमती मंडळांना एकाच खिडकीतून देण्याची पद्धत अनेक शहरांत रूढ झाली. रस्त्यात खांबासाठी खणलेला खड्डा उत्सवानंतर बुजवणे ही मंडळाची जबाबदारी असते. ती पार पाडली जाते की नाही हे भाद्रपद संपल्यावर कोणत्याही दुचाकीस्वाराला विचारावे. गोव्याच्या किनाऱ्यावरील शॅकचे, म्हणजे हंगामी उपाहारगृहांचे, उदाहरणही बोधक आहे. पर्यटन हंगामापुरता परवाना, बांबू-लाकूड-झावळ्यांसारखी हलकी सामग्री, किनारा नियमन क्षेत्राच्या अटी आणि पावसाळ्यापूर्वी रचना काढून नेण्याचे बंधन, अशी ती व्यवस्था आहे. वाद तिथेही होतात, पण समुद्र व पाऊस हे दोघे मुदत संपल्याची आठवण करून देत असल्याने ‘तात्पुरते’ हे बरेचसे तात्पुरते राहते.

परवानगीविना बांधकाम झाल्यास कलम ५३ खाली नोटीस मिळते, आणि बांधकाम नियमात बसणारे असेल तर मालक ते कायम ठेवण्यासाठी अर्ज करू शकतो. कलम ५२ मध्ये तुरुंगवास व दंडाचीही तरतूद आहे. महापालिका अधिनियमातील कलम २६७-अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते. पिंपरी-चिंचवडमध्ये हा ‘शास्तीकर’ अनेक वर्षे निवडणुकांचा मुद्दा होता. कर आणि शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही असे त्याच कलमात म्हटले आहे, तरीही कराची पावती हाच घराच्या वैधतेचा पुरावा म्हणून चौकटीत लावल्यासारखा जपला जातो.

या समजुतीचे खापर केवळ लोकांवर फोडता येणार नाही. गुंठेवारी वस्त्या, म्हणजे मंजूर ले-आउटविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवरील घरे, नियमित करण्यासाठी २००१ साली कायदा झाला तेव्हा १ जानेवारी २००१ ही सीमा होती; २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांसाठी आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, आणि त्यापुढे सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११ अशा तारखा सरकत गेल्या. २०१७ मध्ये कलम ५२-अ आणून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन ‘प्रशमित संरचना’ म्हणून स्वीकारण्याची वाट खुली झाली. यातील प्रत्येक निर्णयामागे गरिबांना बेघर करू नये हा मानवी विचार होता आणि त्याला तोड नाही, परंतु अशा तारखा पुन्हा पुन्हा सरकल्या की नियम पाळून कर्ज काढणारा माणूस वेडा ठरतो आणि पुढच्या तारखेच्या भरवशावर बांधणारा व्यवहारी ठरतो. परवडणारी वैध घरे पुरेशी मिळत नाहीत तोवर हे चक्र थांबण्याची शक्यता कमी आहे, आणि ती कमतरता नोटिसांनी भरून निघणारी नाही.

चक्राची किंमत शेवटी राहणाऱ्यांनाच मोजावी लागते. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा परिसरात काही आठवड्यांत उभी राहिलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. वरचे मजले बांधले जात असतानाच खाली कुटुंबे राहत होती. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची (रेराची) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तेव्हा त्यांत गृहकर्जे काढून घर घेतलेले लोक होते. मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडण्यात आले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला होता. निळी पूररेषा ही साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते व तिच्या आत बांधकामास मनाई असते, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि दोहोंमधल्या पट्ट्यात कठोर अटींवरच बांधता येते.

पाडकामाची रीतही आता ठरली आहे. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार किमान १५ दिवसांची कारणांसह नोटीस आणि सुनावणी यांशिवाय घर पाडता येत नाही. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, जलाशय यांवरील अतिक्रमणे आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडकामे यांना हे संरक्षण नाही. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या एका खंडपीठाने मेरठच्या प्रकरणात स्पष्ट केले की बांधकाम जुने झाले किंवा प्रशासनाने दुर्लक्ष केले एवढ्यावरून ते नियमित होत नाही, आणि वीज व पाण्याच्या जोडण्या तसेच बँकांची कर्जे भोगवटा वा पूर्णत्वाचे प्रमाणपत्र पाहूनच दिली जावीत.

घर घेणाऱ्याने या सगळ्यातून निदान एवढे करावे, की विसार देण्यापूर्वी झोन दाखला, मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती मागाव्यात, आणि विक्रेत्याने दाखवलेल्या छायाप्रतीवर न थांबता त्यांवरील क्रमांक नियोजन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा माहिती अधिकाराचा अर्ज करून मूळ नोंदीशी ताडून पाहावेत. कल्याण-डोंबिवलीतील ग्राहकांनी कागद पाहिले होते. ते खोटे होते.